विहिरीतलं पितळ

पाहणी करणारी बाई आली तेव्हा आख्ख्या गल्लीने तिला उत्तरं दिली. फुकटचं शहाणपण सांगायला कोण नको म्हणतो? तिच्या हातात सतरा पानांचा छापील फॉर्म होता आणि तिला एकच गोष्ट समजून घ्यायची होती. एका बापाने उभारलेला कारखाना, दोन भावांनी एकाच दिवशी वाटून घेतलेला, मध्ये एक भिंत. भिंतीच्या या बाजूचा आज तीन पाळ्यांत धडधडतो आणि त्या बाजूच्याला सहा वर्षं कुलूप आहे. असं का?

वीज? एकाच खांबावरून. रस्ता? एकच. परवान्याचं ऑफिस, तिथला खडूस साहेब? तोही एकच. मशिनं? चिठ्ठ्या टाकून वाटलेली, नऊ या भावाला, नऊ त्या भावाला. कामगार तर एकाच गल्लीतले. काही घरांत एक भाऊ इकडे आणि एक तिकडे. बाईच्या फॉर्मवरचे दोन्ही रकाने जुळ्या पोरांसारखे सारखेच भरत गेले. चहावाला म्हणाला, थोरल्या मालकांचे ग्रह वाईट. निवृत्त कारकून म्हणाला, सरकारचं धोरण वाईट. वॉचमन म्हणाला, जागाच बाधली, आणि बोलताना त्याने एकदा मागे वळून पाहिलं.

सगळ्यांत शेवटी ती गेजबाईकडे आली. "तुम्ही दोन्हीकडे काम केलंय. तुम्हाला काय फरक वाटतो?"

गेजबाईने ओले हात पदराला पुसले. "नशीब," ती म्हणाली.

पाहणीवालीने ते लिहून घेतलं, पण हे उत्तर तिने आधी चाळीसदा ऐकलेलं दिसत होतं. ती गेल्यावर गेजबाई उंबऱ्यात बसून राहिली. तिला खरं उत्तर माहीत होतं. ते कुठे आहे, किती खोल आहे आणि त्यावर कोणतं झाकण आहे हेसुद्धा तिला माहीत होतं. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता आणि असता तरी तिने तो भरला नसता.

गेजबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गेज म्हणजे माप तपासायचं पोलादी हत्यार, घोड्याच्या नालासारखं, त्याला दोन तोंडं. गॅस सिलिंडरला बसणाऱ्या पितळी व्हॉल्व्हची भिंत एका तोंडातून सुटली पाहिजे आणि दुसऱ्यातून सुटता कामा नये. दुसऱ्यातूनही सुटली, तर भिंत पातळ. पातळ म्हणजे बाद. असा व्हॉल्व्ह आज ना उद्या कोणाच्या तरी स्वयंपाकघरात चिरणार. लग्न होऊन आली त्या वर्षीच तिने हे हत्यार हातात घेतलं आणि इतकी वर्षं वापरलं की ते हातात नसलं तरी तिचा अंगठा आणि बोट तेवढ्याच अंतरावर राहायचे. कांदा चिरला तरी ती त्याची चकती मोजायची. सून हसायची, "आई, भाजी बाद नाही ना?"

तिचा नवरा थोरल्यांकडे टर्नर होता, सात नंबरच्या लेथवर. त्यालाही सगळे नुसतं टर्नरच म्हणत. बोलायला कमी, कामाला वाघ. लेथचा आवाज बदलला की जेवता जेवता उठून जायचा. त्याच्या हातचा माल तीच तपासायची आणि बाद तुकडा निघाला की दुरूनच भुवई उडवायची. मग तो घरी येईपर्यंत तिच्याशी बोलायचा नाही. नव्या नवलाईच्या वर्षांत त्यांची भांडणं झाली ती एवढ्यावरूनच, आणि ती भांडणं कोणाला सांगितली तर लोक हसतील अशी गोड होती.

थोरल्या मालकांनी वाटणीनंतर शेडच्या भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं: इथे चूक होत नाही. माणूस वाईट नव्हता. पहाटे सगळ्यांच्या आधी यायचा, कोणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतःची गाडी पाठवायचा. पितळ नुसतं बोटाने ओळखायचा. पण वाईट बातमी त्याच्याने ऐकवत नसे. बाद तुकडा दिसला की त्याच्या कपाळावरची शीर उडायला लागायची आणि मग समोर कोण आहे हे तो पाहायचा नाही.

सतरा वर्षांपूर्वी एकदा टर्नरच्या लक्षात आलं की सात नंबरचा चक, म्हणजे लेथमध्ये माल घट्ट धरणारा भाग, बिघडलाय. त्याच्या तीन जबड्यांपैकी एक झिजला होता. माल केसभर तिरका धरला जायचा, भोक मध्यावर पडायचं नाही आणि व्हॉल्व्हची एक बाजू पातळ व्हायची. जबडा बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम. टर्नर तुकडा हातात घेऊन सरळ मालकांकडे गेला. भोळा सांब! मालकांसोबत त्या वेळी बाहेरचे पाहुणे होते, मोठी ऑर्डर द्यायला आलेले, आणि मालक त्यांना भिंतीवरची ती अक्षरं दाखवत होते. "मालक, हे बघा, सात नंबर बाद काढतोय," टर्नर म्हणाला.

पाहुणे जाईपर्यंत मालक हसत राहिले. मग त्यांनी तारेचा एक तुकडा मागवला, तो व्हॉल्व्ह त्यात ओवला आणि टर्नरच्या गळ्यात घातला. "तुला मिरवायची एवढी हौस आहे ना? मग गेटवर उभा राहा. पाळी सुटेपर्यंत."

टर्नर उभा राहिला. पाळी सुटली तेव्हा दोनशे माणसं त्याच्यासमोरून गेली. कोणी चप्पल नीट केली, कोणी आभाळाकडे पाहिलं. गेजबाईही गेली. थांबली नाही. मान खाली घालून, डबा छातीशी धरून ती त्याच्यासमोरून गेली, घरी पोचली, चूल पेटवली. तो अंधार पडता पडता आला. तार खिळ्याला अडकवली, हातपाय धुतले आणि जेवायला बसला. त्यावर दोघंही एक शब्द बोलले नाहीत. पुढे बारा वर्षं तो जगला. त्या बारा वर्षांत एकदाही त्याने विचारलं नाही की तू का थांबली नाहीस. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने कितीदा मनात उत्तर जुळवलं होतं, पण प्रश्नच आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सात नंबरचा बाद माल बंद झाला. म्हणजे निघायचा रोजच, दिसायचा बंद झाला. ती तपासायची, पातळ निघालेला तुकडा पदराखालून डब्यात टाकायची आणि शेडच्या मागे बायकांच्या संडासाकडे जाताना वाटेतल्या कोरड्या विहिरीत सोडून द्यायची. विहिरीवर लोखंडी पत्रा होता, एका कोपऱ्याला उचकटलेला, हात जाईल एवढा. पहिला तुकडा टाकला तेव्हा किती तरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग खूप खालून आवाज आला, टण्.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ अकरा वर्षं झाकलेली राहिली. पहिल्यांदा दिवसाला एखाद-दुसरा तुकडा, मग पाच, मग कधी कधी डबा जड व्हायचा. जबडा झिजतच होता आणि तो बदला असं म्हणायला आता कोणी उरलं नव्हतं. पितळात तूट यायची, ती स्टोअरवाला कातताना कीस गेला असं लिहून मोकळा व्हायचा. त्यालाही संध्याकाळी गेटमधूनच घरी जायचं होतं. आणि विहिरीतला आवाज वर यायला लागला. आधी टण् व्हायला वेळ लागायचा. मग कमी. शेवटच्या वर्षी तर तुकडा हातातून सुटतो न सुटतो तोच खाली पितळावर पितळ वाजायचं. गेजबाई दचकायची. खालून कोणीतरी एकेक पायरी चढत वर येतंय असं तिला वाटायचं.

एवढं बाद निघत असताना सगळं एका बाईच्या मापातून गाळून निघत नाही. काही तुकडे पेटीतून बाहेर गेलेच. कुठल्या गावात किती चिरले हे तिला कधीच कळलं नाही आणि तेच जास्त वाईट होतं. गिऱ्हाईकं एकेक करून कमी झाली. पाहुणे यायचे थांबले. थोरल्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की काय होतंय, कारण त्यांच्या कारखान्यात चूक होतच नव्हती. एका सोमवारी गेटला कुलूप लागलं. दोनशे चुली विझल्या. त्यातल्या कितीतरी माणसांना पुढे धाकट्यांनी घेतलं, पण सगळ्यांना नाही. टर्नरला त्यांनी बोलावलं होतं. तो गेला नाही. वर्षभरात साध्या तापाने गेला.

आता थोरले मालक सत्तरीपार गेलेत. सकाळी घरातून एक खुर्ची आणून बंद गेटासमोर बसतात, बरोब्बर त्याच जागी जिथे टर्नर उभा होता. धाकट्यांच्या कारखान्यात जायची वाट त्यांच्या समोरूनच. गेजबाई दिसली की ते विचारतात, "बाई, आपलं काय चुकलं हो?"

रोज. आपलं. ते 'माझं' म्हणत नसत.

"काय की मालक," ती म्हणायची आणि मान खाली घालून पुढे जायची. एकदा खाली गेलेली मान पुन्हा तशीच जाते. कधी खुर्ची रिकामी असली तर तिला तिथे तो उभा दिसायचा, गळ्यात तार, तिच्याकडे न बघता. ती हे कोणाला सांगत नसे. घरात वाटीवर चमचा पडला तरी तिच्या हातातलं काम थांबायचं. लोक सहज बोलता बोलता म्हणायचे, याचं पितळ उघडं पडलं, त्याचं पितळ उघडं पडलं, आणि ही तिथून उठून जायची.

धाकट्यांकडे ती दोन वर्षं पॅकिंगला होती. धाकटे काही संत नव्हते. आळशी माणूस. ओरडायचासुद्धा कंटाळा. वाटणीत थोरल्यांना ऑफिसची खोली गेली आणि यांच्या वाट्याला गेटजवळचं एक पत्र्याचं टेबल आलं, तेव्हा ते तिथेच बसायला लागले. लोक जे काही बिघडलेलं ते आणून त्यांच्यासमोर ठेवायचे, कारण ठेवायला दुसरी जागाच नव्हती. त्याचीच रीत पडली. रोज सकाळी पहिला भोंगा झाला की आदल्या दिवसाचा सगळा बाद माल त्या टेबलावर मांडतात. भोवती सगळे उभे राहतात. धाकटे चहाचा कप हातात घेऊन एकेक तुकडा उलटापालटा करतात आणि विचारतात, "हे कशाने झालं?" मग ज्याचं मशीन तो सांगतो. कधी थट्टा होते. दहा मिनिटांत टेबल मोकळं. एवढंच. पाहणीवाल्या बाईने तेच टेबल ओढून त्यावर आपला फॉर्म भरला होता आणि टेबलाबद्दल काही विचारलं नव्हतं.

गेल्या सोमवारी सुपरवायझरने गेजबाईला पॅकिंगवरून उठवून पुन्हा मापाला बसवलं. "तुमच्याएवढा हात कोणाचा आहे?" तो म्हणाला. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला. पोलादाचा तो गारवा बोटांना लागला आणि तिला तरुण झाल्यासारखं वाटलं. समोर चार नंबरच्या लेथचा माल आला. चार नंबरवर कोण, तर तिचीच सून. मुलगा ट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरी. घरात या दोघीच, आणि दोघींचं जमायचं म्हणजे भांडून जमायचं.

अकराच्या सुमारास एक तुकडा दोन्ही तोंडांतून सुटला.

तिने पुन्हा मापलं. पातळ. हात आपोआप गेला. तिने ठरवलं नाही, विचार केला नाही; तुकडा पदराखालून डब्यात गेला होता आणि तिने पुढचा उचललासुद्धा होता. मग तिला दरदरून घाम फुटला. सुनेच्या गळ्यात तार तिला स्पष्ट दिसली. टेबलाची रीत ती दोन वर्षं पाहत होती, त्या गर्दीत उभी राहून हसलीही होती. पण ते डोक्याला माहीत होतं, हाताला नाही.

बुधवारपर्यंत डब्यात चार तुकडे झाले. आणि सोमवारीच आणखी एक बातमी आली होती. धाकट्यांनी बंद कारखान्याची जागा थोरल्यांकडून घेतली. तिथे नवी शेड होणार. गुरुवारी सकाळी मागची विहीर उपसून बुजवणार.

बुधवारी संध्याकाळी सून भांडी घासत होती. गेजबाई म्हणाली, "डबा ठेव, मी धुते." सुनेने ऐकलं नाही. झाकण उघडलं आणि मोरीत टण् टण् असे चार आवाज झाले.

सुनेने एकेक उचलून नळाखाली धुतला. आत करंगळी फिरवली. बुडाला ठोकलेला मशीनचा नंबर वाचला. "माझे आहेत," ती म्हणाली. मग, "बाद आहेत."

गेजबाई पदराने ओटा पुसायला लागली.

"तरीच. मी तीन दिवस मनात म्हणतेय, माझ्या मशीनचा एक तुकडा टेबलावर नाही, मी एवढी हुशार कधी झाले? आई, हे घरी का आणलेत?"

"कोणाला कळलं नाही. काळजी करू नकोस."

"काळजी?" सुनेचा आवाज चढला. "उद्या बाराला गाडी सुटणार, चारशे नग. त्यात असे किती असतील? तुम्ही चार पकडले, न पकडलेले? आणि माझ्या मशीनला झालंय काय ते मला कळणार कधी, ते फुटल्यावर? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबतं का?"

"तू गेटवर उभा केलेला माणूस पाहिलेला नाहीस," गेजबाई म्हणाली.

आणि मग तिने सांगितलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा. तार, पाहुणे, दोनशे माणसं, ती स्वतः, डबा छातीशी धरून. विहीर. चढत येणारा आवाज. नळ वाहत होता, तो बंद करायचं दोघींना सुचलं नाही. "थोरल्यांचा कारखाना मी बुडवला," ती म्हणाली. "दोनशे घरांचं वाटोळं मी केलं. उद्या विहीर उपसतील आणि सगळं वर येईल. लोक मला दारात उभं करणार नाहीत. आणि तुलासुद्धा नाही."

सून ओले हात तसेच धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती जागची हलली नाही. मग तिने चारही तुकडे पुसले, डब्यात भरले, झाकण लावलं आणि डबा सासूच्या पिशवीशेजारी ठेवला.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "बाबांची शपथ. पण मी टेबलावर ठेवणारही नाही. ठेवायचे तर तुम्हीच ठेवा. बाराच्या आत."

गुरुवारी सकाळी भोंग्याच्या तासभर आधी बंद गेट उघडलं. विहीर उपसायचं यंत्र आत गेलं, मागोमाग गल्ली. सहा वर्षं ज्या गेटकडे कोणी मान वर करून पाहत नव्हतं त्यातून लोक जत्रेला निघाल्यासारखे आत शिरले. जुने कामगार जवळपास सगळे होते. शेडच्या भिंतीवरची अक्षरं उन्हाने फिकी झाली होती, तरी वाचता येत होती. थोरले मालक खुर्ची सोडून काठी टेकत आले आणि विहिरीपाशी उभे राहिले. गेजबाई मागे, संडासाच्या भिंतीला पाठ लावून, डबा छातीशी.

पत्रा निघाला. लोखंडी बादली खाली गेली आणि लगेचच अडली. लोकांना वाटलं दगड लागला. बादली वर आली, काठावर पालथी झाली आणि पाला, चिखल यांच्या मागून पितळ सांडलं. हिरवं पडलेलं, काळं पडलेलं, शेकड्याने. त्या आवाजाने झाडावरचे पक्षी उडाले.

दुसरी बादली आली. तिसरी. ढीग गुडघ्याएवढा झाला, मग कमरेएवढा. गेजबाई मनात हिशेब करत होती आणि तो लागत नव्हता. अकरा वर्षं टाकले तरी एवढे? एवढे कुठून? एक तुकडा घरंगळत तिच्या पायाशी आला. तिने वाकून उचलला आणि अंगठ्याने बुडाचा चिखल पुसला. पाच. पाच नंबर लेथ. तिने कधी पाच नंबरचा माल तपासला नव्हता. दुसरा उचलला. नऊ. तिसरा, दोन. चौथा, पुन्हा पाच.

तिने मान वर केली. पाच नंबरवरचा जुना माणूस स्वतःच्या चपलेकडे बघत होता. नऊ नंबरवाला विनाकारण खिसे चाचपत होता. स्टोअरवाला चष्मा पुसत होता, केव्हाचा पुसत होता. तिच्या बरोबरीने तपासायला बसणारी तिची मैत्रीण, जिच्यासोबत तिने एका डब्यातून जेवण केलं होतं, ती तोंडावर पदर धरून उभी होती. प्रत्येकाची संडासाला जायची वेळ वेगळी. घरोघरी मातीच्या चुली. विहीर आपण एकटीने भरली असं तिला इतकी वर्षं वाटत होतं, आणि तेच ओझं दर माणसाने एकेकट्याने उरावर वागवलं होतं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. तिला फार एकटं वाटलं.

थोरले मालक खाली बसले. त्यांनी एक तुकडा घेतला, आत बोट घातलं, फिरवलं. बाजूला ठेवला. दुसरा घेतला. त्यांना मापाचं हत्यार लागत नव्हतं, कधीच लागलं नव्हतं. सात नंबरचे सापडतील तसे ते ओळीने लावत गेले.

"जबडा," ते म्हणाले. "सातचा एक जबडा झिजला होता. बस, एवढंच? अर्ध्या दिवसाचं काम." त्यांनी वर पाहिलं, सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून. "मला कोणी सांगितलं का नाही?"

यंत्रवाल्यानेही यंत्र बंद केलं. गेजबाई भिंतीपासून सुटली आणि पुढे आली.

"सांगितलं होतं, मालक."

"कोणी?"

"माझ्या नवऱ्यानं. सात नंबरवरच्या टर्नरनं. बाहेरचे पाहुणे आले होते त्या दिवशी. तो तुकडा घेऊन तुमच्याकडे आला. तुम्ही तो तारेत ओवलात, त्याच्या गळ्यात घातलात आणि त्याला गेटवर उभं केलंत. तुमची खुर्ची असते ना, तिथंच. पाळी सुटेपर्यंत."

म्हाताऱ्याने गेटाकडे पाहिलं. खुर्ची दिसत होती. ते ओरडतील याची तिने तयारी केली होती. खोटं आहे म्हणतील, याचीही केली होती. माफी मागतील, तर काय म्हणायचं हेसुद्धा तिने सतरा वर्षांत शंभरदा ठरवलं होतं.

"कधी?" ते म्हणाले. कपाळाला आठ्या घालून ते आठवत राहिले, अगदी मनापासून. "टर्नर... हो, टर्नर होता. चांगला कारागीर. पण गेटवर?" त्यांनी मान हलवली. "नाही हो बाई. मला आठवत नाही. खरंच आठवत नाही."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचे डोळे लहान मुलासारखे कोरे होते. ज्या एका दिवसाने टर्नरचं तोंड मिटलं, दोनशे माणसांचं तोंड मिटलं, ही विहीर भरली, तो दिवस त्यांच्या आयुष्यात घडलाच नव्हता. एखाद्या दिवशी चहा गार मिळाला तर माणूस विसरतो, तसा ते तो विसरले होते. या एका उत्तराची तयारी तिच्याकडे नव्हती.

भिंतीपलीकडे भोंगा झाला.

लोक निमूट वळले. गेजबाईही वळली. खुर्चीसमोरून गेली तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर करून त्या जागेकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. धाकट्यांच्या गेटमध्ये टेबलाभोवती सगळे जमले होते, सून चार नंबरच्या लोकांत उभी होती, तोंड पांढरं पडलेलं. धाकटे नुकतेच चहाचा कप घेऊन आले होते. गेजबाई गर्दीतून पुढे गेली. डब्याचं झाकण तिला उघडेना. हात ओले झाले होते. उघडलं. तिने चार तुकडे एकेक करून टेबलावर ठेवले. टण्. टण्. टण्. टण्.

"चार नंबर," ती म्हणाली. "चारही पातळ. सोमवारपासून माझ्याकडे आहेत. मी लपवले होते."

धाकट्यांनी कप खाली ठेवला. एक तुकडा उचलून उजेडात धरला, दुसरा धरला. "एकाच बाजूला पातळ आहेत सगळे," ते म्हणाले. "हे कशाने?"

"चक बघावा लागेल," सून म्हणाली. "जबडा असेल."

"बाराची गाडी थांबवा," धाकटे सुपरवायझरला म्हणाले. "चारशेच्या चारशे परत मापा. चार नंबर बंद ठेवा आज." आणि त्यांनी पुढचा तुकडा उचलला, दुसऱ्याच कोणाच्या मशीनचा.

दहा मिनिटांत टेबल मोकळं झालं. लोक पांगले. मशिनं एकेक करून सुरू झाली. भिंतीपलीकडे यंत्र पुन्हा चालू झालं होतं आणि बादली पुन्हा पालथी झाली. गेजबाई टेबलापाशीच उभी होती, रिकामा डबा हातात, पाय जुळवून, मान किंचित पुढे झुकवून.

सून चार नंबरजवळून परत आली. "आई, चला ना. चारशे नग मापायचेत. कशाची वाट बघताय?"

गेजबाईने तिच्याकडे पाहिलं. मग हात वर नेऊन स्वतःच्या गळ्याला लावला. तिथे काही नव्हतं. आणि इतकंच होतं, एवढंच होतं, तर मग माझ्या नवऱ्याचं तसं का झालं, असं म्हणत ती त्या टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. आजूबाजूची माणसं थांबली. या वेळी कोणी आभाळाकडे पाहिलं नाही.